पहिल्यांदाच स्टेजवर चढणाऱ्या शाळेच्या बँडसाठी गाणं निवडताना

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतलं गॅदरिंग, शाळेचं पटांगण, समोर सतरंज्यांवर पहिली ते चौथीची पोरं, मागे खुर्च्यांवर आईबाबा आणि स्टेजवर आमचा सहा जणांचा बँड. पहिला मुखडा झकास झाला. मग मधल्या म्युझिकचा तुकडा आला. कीबोर्डवाला चुकला आणि त्याने हात उचलला. त्याच्याकडे बघून गिटारवाली थांबली. ड्रमवाला बिचारा एकटाच दहा-बारा ठोके वाजवत राहिला. गाणारीने माइक तोंडापासून हलवला नव्हता, त्यामुळे तिचं पुढचं वाक्य अख्ख्या पटांगणाने ऐकलं: "काहून थांबला बे?"

हसं पोरांचं झालं, पण चूक माझी होती. गाणं मी निवडलं होतं. तीनच कॉर्ड (एकदम वाजवायचे सुरांचे गट) आहेत म्हणजे सोपंच असणार, असं धरून चाललो होतो. कॉर्ड मोजल्या, पण चुकलेल्या पोराला परत गाण्यात शिरायला जागा कुठे आहे ते पाहिलंच नाही. त्या मधल्या तुकड्यात सोळा मात्रा एकच जण धून वाजवणार आणि बाकीचे त्याच्या भरवशावर. तो पडला की सगळे पडले.

मी काही संगीत शिक्षक नाही. दिवसा ऑफिस करतो, कॉलेजात शिकलेली गिटार अजून सुटलेली नाही, आणि मुलगी त्या शाळेत गेल्यापासून दर हिवाळ्यात तिथल्या पोरांच्या बँडसोबत बसतो. त्या फजितीनंतर माझ्यापुरतं ठरवून टाकलं: पोरगं चुकलं तरी आठ मात्रांच्या आत परत शिरू शकतं, ते गाणं सोपं. मग कॉर्ड तीन असोत की पाच. पुढे जे काही सांगतो ते याच एका चाळणीतून गाळलेलं आहे.

आधी कॅलेंडर उघडा

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. मग पोळा, गणपती, दसरा, सहामाही, दिवाळी. बँडची आठवण सगळ्यांना होते ती दिवाळीची सुट्टी संपल्यावर. गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत. म्हणजे हातात सात-आठ आठवडे. आठवड्याला दोन तालमी धरल्या तर पंधरा. त्यातून क्रीडा महोत्सव, कोणाचा ताप, कोणाच्या मामाचं लग्न, शाळेची सहल असं वजा करा. दहा तालमी उरल्या तर नशीब समजा.

नवशिक्या पोरांना एक गाणं स्टेजवर नेण्याइतकं बसवायला माझ्या अनुभवाने चार ते पाच तालमी लागतात. म्हणजे गाणी दोन. मुख्याध्यापकांनी "तीन तरी घ्या हो" म्हटलं तरी दोनच. तिसरं गाणं घेतलं की पहिली दोन अर्धी कच्ची राहतात, हे मी दोनदा करून पाहिलंय.

मग पोरांची यादी, खरी खरी

फॉर्मवर सगळेच "गिटार येते" असं लिहितात. पहिल्या तालमीला प्रत्येकाला एकेकट्याने, न थांबता, एक मिनिट काहीही वाजवायला सांगा आणि वहीत लिहून ठेवा. काय येतं यापेक्षा कुठे थांबतो ते लिहा.

गिटारवाल्यांची एक छोटी परीक्षा घ्यायची. मोबाइलवर एक मिनिट लावा. जी आणि सी या दोन कॉर्ड आळीपाळीने धरायच्या, प्रत्येक वेळी सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या तरच एक बदल मोजायचा. कोणाचे बारा होतात, कोणाचे चाळीस. आलेला आकडा निम्मा करा. स्टेजवर लाइट, माइक, समोर बसलेला वर्ग आणि थंडीने गारठलेली बोटं यांत तेवढाच उरतो.

आता गाण्याशी ताडून पाहा. मिनिटाला ८० ठोके अशा लयीचं चार मात्रांचं गाणं असेल तर एका मिनिटात चार-चार मात्रांचे वीस खण होतात, एक खण तीन सेकंदांचा. दर खणाला कॉर्ड बदलत असेल तर मिनिटाला वीस बदल हवेत. म्हणजे परीक्षेत चाळीस करणारं पोर आरामात निभावेल. वीस करणाऱ्यासाठी दोन खणांना एक कॉर्ड असलेलं गाणं शोधा, नाहीतर त्याला एक सोडून एका खणात वाजवायला लावा. आणि हा हिशोब बँडमधल्या सगळ्यात चांगल्या गिटारवाल्याचा आकडा घेऊन करू नका. सगळ्यात कच्च्याचा घ्या.

या परीक्षेत एफ आणि बी मायनर यांचं नावही काढू नका. दोन्हीत पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात. "सर, एफ लागूनच नाही राहिली" हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो, आणि दोन महिन्यांत ती लागतही नाही. गाण्यात एफ अटळ असेल तर सूर बदला. सूर बदलूनही अशीच आडव्या बोटाची कॉर्ड येत राहिली तर गाणं बदला.

एक युक्ती मात्र पहिल्याच आठवड्यात शिकवा, तिने अर्धी लढाई जिंकली जाते. अनामिका आणि करंगळी तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या गळ्यावरच्या तिसऱ्या घरात), सगळ्यात बारीक दोन तारांवर ठेवायच्या आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलवायच्या नाहीत. उरलेली दोन बोटं पाचव्या-सहाव्या जाड तारेवर नेली की जी. तीच दोन बोटं एकेक तार खाली सरकवली की सीचा भाऊ. दोन्ही बोटं दुसऱ्याच फ्रेटवर चौथ्या-पाचव्या तारेवर टेकवली की ई मायनरचा भाऊ. मधलं बोट उचलून फक्त पहिलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवलं आणि जाड दोन तारा सोडून दिल्या की डीचा भाऊ. पुस्तकातल्या कॉर्डपेक्षा एखादा सूर जास्त वाजतो, पण कानाला गोडच लागतो. हात गळ्यावर नांगर टाकल्यासारखा स्थिर राहतो, त्यामुळे पोरगं घाबरलं तरी बोटं घर विसरत नाहीत. या चार कॉर्डवर हिंदी-मराठीतली शेकड्याने गाणी बसतात.

गाण्याचा सूर गाणाऱ्याच्या गळ्यावरून

हा भाग लांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त बँड इथे आपटतात.

रेकॉर्डवरचं गाणं मोठ्या माणसाने, तेही कमावलेल्या गळ्याने गायलेलं असतं. आठवीतल्या पोरीला ते त्याच सुरात जमलंच पाहिजे असा काही कायदा नाही. पण कीबोर्डवाल्याने मोबाइलवर बघून त्याच सुरात बसवलेलं असतं, मग गाणारी बिचारी अंतऱ्यात ओरडते.

पेटीपाशी बसा. गाणाऱ्याला मधल्या सप्तकातल्या सोयीच्या सुरावर 'आ' लावायला सांगा आणि एकेक पट्टी वर चढा. हनुवटी वर उचलली गेली, मानेची शीर दिसायला लागली की थांबा. तिथून दोन पट्ट्या खाली उतरा. हा त्या गळ्याचा स्टेजवरचा सगळ्यात वरचा सूर. तसंच खाली उतरत जा, आवाजाची नुसती हवा व्हायला लागली की खालची हद्द समजली. आता गाण्यातला सगळ्यात उंच सूर शोधा. तो बहुतेक वेळा मुखड्यात नसतो, अंतऱ्यात असतो. आपल्याकडच्या चालींची तीच तऱ्हा आहे: मुखडा घरात बसून गुणगुणण्यासारखा आणि अंतरा सुरू होताच चाल माडीवर चढते. तो उंच सूर गळ्याच्या हद्दीत बसेल असा सा ठरवा. वर बसवल्यावर खाली मावत नसेल, तर त्या गळ्याला ते गाणं नको. खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत, फार तर त्याच्या वर एक-दोन सूर, एवढ्यात मावणारी चाल निवडली की ही कटकटच राहत नाही.

आठवी-नववीतल्या मुलांचे आवाज फुटत असतात. जुलैत टिपेला गाणारा मुलगा डिसेंबरात घोगरा होतो. अशा मुलाला एकट्याला गाणं देऊ नका, सोबतीला एक मुलगी द्या आणि मुखडा सगळ्यांनी मिळून गायचा असं ठेवा. त्याचा आवाज ऐन वेळी फाटला तरी गाणं चालू राहतं. आणि त्याला बाजूला घेऊन एकदा सांगा की हे सगळ्यांचंच होतं, नाहीतर पोरगं गाणंच सोडून देतं.

सूर ठरला की गिटारवाल्याची पंचाईत. पेटीवाल्या बाई म्हणतात "काळी चार", आणि गिटारवाला त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. काळी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, गिटारच्या भाषेत जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि जीच्या आकारातच वाजवा, झालं. काळी पाच हवी असेल तर कॅपो तिसऱ्यावर, आकार जीचेच. काळी एकला कॅपो पहिल्यावर आणि आकार सीचे. फक्त सीच्या आकारात एफ लपून बसलेली असते, ती आधीच तपासा. काळी दोनला कॅपो पहिल्यावर आणि आकार डीचे, पांढरी चारला तिसऱ्यावर आणि आकार डीचेच. कॅपो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. नागपुरात बर्डीच्या बाजारात जाणार असाल तेव्हा दोन घेऊन ठेवा, एक हमखास हरवतो. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, त्याने कीबोर्डवाला ओळखीच्या पट्ट्यांवरच वाजवतो आणि आवाज हव्या त्या सुरात येतो. मात्र बटण किती दाबलं होतं ते कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवा. वीज गेली की ते शून्यावर येतं.

पेटी आणि मोबाइलचं भांडण

तिसऱ्या वर्षी एक चमत्कार झाला. गिटार मोबाइलच्या ट्यूनरवर लावलेली, सगळे दिवे हिरवे, पोरं बरोबर वाजवताहेत आणि तरी सगळं आंबट लागतंय. अर्धी तालीम मी पोरांनाच बोलत बसलो. मग एकाला नुसती पेटी वाजवायला सांगून मोबाइल तिच्यासमोर धरला. शाळेची पेटी जुनी, चांगलीच चढी होती. पेटीचे सूर पोराला कान पिळून उतरवता येत नाहीत, गिटारचे येतात.

म्हणून पेटी असेल तर गिटार पेटीवरूनच लावायची. जाड तारेपासून क्रमाने: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. पण पेटी आणि कीबोर्ड दोन्ही घेणार असाल, तर आधी दोघांचं एकमेकांशी जमतं का ते पाहा. काही कीबोर्डमध्ये सूर किंचित चढवायची-उतरवायची सोय असते. नसली तर दोघांपैकी एकाला घरी ठेवा.

टाळीची परीक्षा

आता यादीतली दहा-बारा गाणी एकेक करून मोबाइलवर लावा आणि सगळ्या पोरांना डोळे मिटून टाळ्या वाजवायला सांगा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर जोरात, बाकी मात्रांवर हळू. डोळे मिटणं महत्त्वाचं, नाहीतर सगळे तबला शिकणाऱ्या एकाच पोराकडे बघून वाजवतात. सगळ्यांची जोराची टाळी एकाच जागी पडली तर गाणं पास. दोघांची वेगळीकडे पडली तर समजा की हे गाणं समेच्या आधीच कुठूनतरी उचललेलं आहे. ऐकायला सुंदर, पण नवशिक्यांना घात. चुकलेलं पोर परत शिरताना सम शोधतं, आणि तीच सापडत नसेल तर ते कुठे शिरणार?

केरवा म्हणजे आठ मात्रा. तो ड्रमवरच्या साध्या चार-चारच्या ठेक्याशी सरळ जुळतो: पाय एक आणि तीनवर, डावा हात दोन आणि चारवर, उजवा हात हाय-हॅटवर सारखा चालू. दादरा सहा मात्रांचा, झोके घेणारा. तो गाणाऱ्यांना सोपा जातो, पण ड्रमवाल्याला आठ मोजायची सवय लागलेली असते, तो मध्येच दोन मात्रा जास्तीच्या घुसवतो. दोन गाण्यांपैकी एक दादऱ्यात घ्यायचा मोह झाला तर आधी ड्रमवाल्याला विचारा. सात मात्रांची किंवा मधेच ताल बदलणारी गाणी पुढच्या वर्षी.

लय मिनिटाला ७५ ते १०० ठोक्यांच्या मध्ये असावी. याहून जलद गाणं हाताबाहेर जातं हे सगळ्यांना कळतं. याहून संथ गाणं जास्त अवघड असतं, हे मात्र कोणी मानत नाही. संथ गाण्यात दोन ठोक्यांमधली जागा मोठी, त्यात पोरं घाई करतात, आणि लांबवलेल्या सुरात बेसूरपणा लपत नाही. दरवर्षी कोणीतरी एक हळवं, दुःखी गाणं घेऊन येतं, "सर, याला तर काहीच वाजवायचं नाही आहे" म्हणून. काहीच वाजवायचं नसतं, तेव्हाच सगळं ऐकू येतं.

रीलची फसवणूक

हल्ली पोरं जे गाणं आणतात त्यातले वीस-तीस सेकंदच त्यांना माहीत असतात. रीलमध्ये तेवढंच वाजतं. बाकीचं गाणं लावून दाखवलं की चेहरे पडतात: मधे रॅप आहे, मग सूर एक पट्टी वर उडी मारतो, मग बायकांचा कोरस. म्हणून नियम असा की जे पोरगं गाणं सुचवेल त्याने ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मोबाइल न बघता, म्हणून दाखवायचं. यादी आपोआप निम्मी होते.

उरलेल्या प्रत्येक गाण्याचा नकाशा कागदावर काढा. किती मात्रा सुरुवातीचं म्युझिक, किती ओळींचा मुखडा, मधलं म्युझिक, अंतरा, पुन्हा मुखडा. प्रत्येक तुकड्याखाली कॉर्ड लिहा. ज्या गाण्यात तोच चार कॉर्डचा फेरा मुखड्यातही फिरतो आणि अंतऱ्यातही, ते उचला. त्यात हरवलेल्या पोराला फेऱ्याची पहिली कॉर्ड येईपर्यंत थांबायचं आणि चढायचं, एवढंच करावं लागतं, चालत्या सिटी बसमध्ये चढल्यासारखं. अंतऱ्याला वेगळ्या कॉर्ड असतील तर निदान मुखडा लवकर परत येतोय का ते बघा.

आपल्याकडे या कसोटीला सहज उतरणारा एक प्रकार आहे, आणि पोरांना तो "बँडचा" वाटत नाही म्हणून कोणी घेत नाही: भजन. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, पुन्हा तीच. चुकायला जागाच नाही, आणि चुकलं तरी पुढच्या फेऱ्यात सगळे सोबत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या प्रदेशात आपण राहतो, आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण शाळेच्या बँडमध्ये खंजिरी दिसत नाही. एका वर्षी सातवीतल्या एका अबोल मुलाच्या हाती खंजिरी दिली. खाली साधा ड्रमचा ठेका, गिटारवर दोनच कॉर्ड, आणि मधे ही खंजिरी. मागच्या खुर्च्यांवरचे आजोबा लोक टाळ्या धरू लागले. पोरांना तेव्हा कळलं की भारी गाणं म्हणजे इंग्रजी गाणं असं काही नसतं.

मधलं म्युझिक कापा, शेवट शिवा

कार्यक्रम पत्रिकेत पाच मिनिटं लिहिलेली असली तरी निवेदन, माइक हलवणं आणि टाळ्या धरून तुमच्या हाती तीन मिनिटं येतात. गाण्याचा पुरा ऐवज कोणी मागितलेला नाही. माझा साचा असा: चार खण नुसत्या कॉर्ड, मुखडा दोनदा, एकच अंतरा, मुखडा दोनदा, शेवट. मधल्या म्युझिकच्या जागी चार खण नुसता ठेका आणि कॉर्ड, त्यावर प्रेक्षकांच्या टाळ्या. कीबोर्डवाल्याला धून वाजवायचीच असेल तर ती मुखड्याचीच, गाणारीच्या सोबत वाजवू द्या. तो अडखळला तरी गाणारी चालू असते.

शेवटाकडे मात्र खास लक्ष द्या. बरीच रेकॉर्डवरची गाणी संपतच नाहीत, आवाज हळूहळू मंद होत विरून जातो. स्टेजवर सहा पोरं विरून जाऊ शकत नाहीत. मग दोघं थांबतात, दोघं वाजवत राहतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. आपल्याकडे यावर जुनं औषध आहे, तिहाई. मुखड्याची शेवटची ओळ, किंवा तिचा शेवटचा तुकडा, तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदा समेवर सगळ्यांनी एकच ठोका देऊन हात आवरायचे. हा शेवट पहिल्याच तालमीत बसवा, गाण्याच्या आधी. शेवट पक्का असला की मधे काहीही झालं तरी टाळ्या मिळतात.

सोबतीला तयार ट्रॅक किंवा कीबोर्डमधला आपोआप वाजणारा ठेका घ्यावा का? माझं उत्तर नाही. ट्रॅक चुकत नाही हे खरं, पण तो चुकलेल्यासाठी थांबतही नाही. पोरं अर्धी मात्रा मागे पडली की शेवटपर्यंत मागेच धावत राहतात.

शब्द आणि मान

दोन्ही अंतरे वाचा. मुखडा निरागस असतो आणि दुसऱ्या अंतऱ्यात प्यालाबिला निघतो, मग गॅदरिंगच्या आदल्या दिवशी सुपरवायझर मॅडम गाणं बाद करतात. शब्द छापून तालमींच्या पहिल्याच आठवड्यात त्यांची सही घ्या.

२६ जानेवारीला वाजवणार असाल तर दोन गोष्टींना हात लावू नका. राष्ट्रगीत, जे साधारण ५२ सेकंदांत म्हटलं जातं, आणि राज्यगीत. 'जय जय महाराष्ट्र माझा, गर्जा महाराष्ट्र माझा' हे १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आहे, आणि ते लिहिणारे राजा बढे आपल्या नागपूरचे, त्यामुळे पोरांना त्याचं ड्रमवालं रूप करायची हुक्की येणं साहजिक. पण ते सुरू झालं की लोक सावधान उभे राहतात. त्यावर टाळ्या आणि ड्रमचे रोल शोभत नाहीत.

परवानगीचा प्रश्न पालक विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी गाणं सादर करायला सूट आहे. तोच व्हिडिओ नंतर यूट्यूबवर टाकणं ही वेगळी बाब आहे, त्याला ही सूट लावून चालणार नाही.

आणि काहीच पटत नसेल तर स्वतःचं गाणं करा. गेल्या वर्षीच्या पोरांनी ई मायनर आणि डी या दोनच कॉर्डवर एक जुळवलं होतं, सुरुवात अशी:

"सकाळचे सात, धुक्यात रिक्षा,
दप्तरात डबा अन् गणिताची परीक्षा!"

अख्खं गॅदरिंग दुसऱ्या फेऱ्याला सोबत म्हणत होतं. शब्द माहीत असलेलंच गाणं लोक उचलतात असं मला वाटायचं. दोनच ओळी असल्या की तिथल्या तिथे पाठ होतात.

निवड आणि माघार

चाळणीतून चार-पाच गाणी उरली की मग मतदान. आधी मतदान घेतलं तर सगळ्यात अवघड गाणं जिंकतं. दोन निवडा, तिसरं राखीव, ते इतकं सोपं असावं की दोन तालमींत उभं राहील. आणि मुदत घाला: तिसऱ्या तालमीला गाणं न थांबता शेवटपर्यंत गेलं नाही, कितीही वाईट वाजलं तरी चालेल पण थांबलं, तर ते बाद आणि राखीव आत. भावनेच्या भरात मुदत वाढवू नका.

तालमीतही मुद्दाम पाडापाडी करा. वाजवताना मी एकाच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याने वाजवणं थांबवायचं आणि पुढच्या फेऱ्याला परत चढायचं. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही. पहिल्यांदा सगळे हसतात, तिसऱ्या तालमीपर्यंत हा त्यांचा आवडता खेळ होतो. एखादा नेहमीच चढायला उशीर करतो. त्याला विचारलं तर कळतं की तो कॉर्डचे बदल मोजत बसलेला असतो, गाण्याचे शब्द ऐकतच नाही. त्याला शब्द पाठ करायला लावा, वाद्य कोणतंही असो.

त्या दिवशी

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी पारा दहाच्या आसपास किंवा खालीही असतो आणि दुपारी चांगलं ऊन. वर्गात लावलेली गिटार पटांगणाच्या थंडीत गेली की तारा आखडून चढतात, स्टेजच्या लाइटखाली पुन्हा उतरतात. म्हणून स्टेजच्या मागे दहा मिनिटं आधी उघड्यावर ठेवा आणि मगच लावा. बोटांसाठी गरम पाण्याची बाटली हातात धरायला द्या, हातमोजे नकोत.

साऊंडवाल्या भाऊंना आदल्या दिवशी भेटा. त्यांचं सगळं लक्ष नाचाच्या पेनड्राइव्हवर असतं, बँड ही त्यांच्या दृष्टीने मधली अडचण. किती माइक, कीबोर्डची वायर कोणती, गिटारला पिकअप आहे की समोर माइक लागेल, हे एका चिठ्ठीवर लिहून द्या. ड्रमसमोर बिनमाइकची गिटार कोणालाच ऐकू येत नाही, वाजवणाऱ्यालासुद्धा. आणि एक स्पीकर पोरांकडे तोंड करून मागा. तो नसला तर गाणारी स्वतःचा आवाज न ऐकताच गाते, मग गळ्यावरून काढलेला सगळा हिशोब वाया जातो.

पिशवीत जास्तीच्या तारा, दोन कॅपो, चार पिक, चिकटपट्टी आणि कॉर्डचे मोठ्या अक्षरातले कागद.

सुरुवातीची मोजणी ड्रमवाल्याकडे द्या, पण त्याला लगेच काठ्या वाजवू देऊ नका. टाळ्या थांबेपर्यंत त्याने मुखड्याची पहिली ओळ मनातल्या मनात, तालमीतल्या लयीत, एकदा पूर्ण म्हणायची. मगच काठीवर काठी: एक, दोन, तीन, चार.